दात, चष्मा, गोळ्या: नाशिकला की इंग्लंडला?
इंग्लंडला शिकायला निघालेली पोरं म्हणतात, व्हिसासोबत वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार भरलाय, दात तिकडेच बघू. पण त्यात डॉक्टर आणि हॉस्पिटल येतं. दात-चष्म्याचे पैसे वेगळे. शिवाय सरकारी दरात नवा पेशंट घेणारा डेंटिस्ट तिकडे सापडता सापडत नाही. इथे नाशिकच्या कॉलेज रोडला रूट कॅनॉल दोन-तीन बैठकांत उरकतं. कॅप बसायला आठवडाभर धरा, उगाच विमानाच्या आदल्या दिवशी धावपळ नको. अक्कलदाढ ठणकत असेल तर आधी एक्स-रे.

चष्मा इथूनच, दोन जोड्या.

नेहमीच्या गोळ्यांचं मात्र उलटं. सुरुवातीपुरत्या न्या, चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि पोचल्याबरोबर तिकडच्या फॅमिली डॉक्टरकडे नाव नोंदवा. पुढच्या तोच लिहून देईल.