रेड सॉक्स ऐकायचे कुठे? ९३.७ की ९८.५

तुम्ही बॉस्टनच्या आसपास श्रूजबरी, वेस्टबरो, अ‍ॅशलंड किंवा बर्लिंग्टनकडे नुकतेच राहायला आला असाल, ऑफिसच्या जाण्यायेण्यात रोज दीड-दोन तास गाडीत मोडत असतील, आणि यंदा बेसबॉल नीट समजून घ्यायचाच असं मनावर घेतलं असेल, तर पहिला प्रश्न हाच: बॉस्टनच्या बेसबॉल संघाचे, म्हणजे रेड सॉक्सचे, सामने आणि चर्चा ऐकायला रेडिओवर लावायचं काय? बॉस्टनमध्ये खेळांना वाहिलेली दोन मोठी एफएम स्टेशनं आहेत. ९३.७ म्हणजे डब्ल्यूईईआय आणि ९८.५ म्हणजे स्पोर्ट्स हब. मी २००३ सालापासून इथे आहे आणि दोन्ही ऐकत आलोय. माझं मत आधीच सांगतो. सामना ९३.७ वर ऐका, मालकांचा हिशोब ९८.५ वर ऐका, आणि टीम बांधणाऱ्या माणसाबद्दलचं मत मात्र दोन्हीकडून उसनं घेऊ नका.

आधी ओळख करून देतो. डब्ल्यूईईआय १९९१ पासून पूर्णवेळ खेळांचं स्टेशन आहे. मी आलो तेव्हा ते ८५० एएमवर होतं आणि शहरात त्याचंच राज्य होतं. ऑगस्ट २००९ मध्ये एफएमवर स्पोर्ट्स हब सुरू झालं आणि पाहता पाहता लोक तिकडे वळले. मग २०११ मध्ये डब्ल्यूईईआयलाही ९३.७ एफएमवर यावं लागलं. आजची वाटणी अशी आहे: रेड सॉक्सचे सामने ९३.७ वर, पेट्रियट्स (अमेरिकन फुटबॉल), ब्रुइन्स (आइस हॉकी) आणि सेल्टिक्स (बास्केटबॉल) तिघेही ९८.५ वर. त्यामुळे जूनच्या भर हंगामात, रेड सॉक्स सलग पाच सामने जिंकलेले असतानाही ९८.५ लावलंत तर पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅकवर तासभर चर्चा चाललेली सापडू शकते. नव्या माणसाला हे खटकतं. मलाही बरीच वर्षं खटकत होतं.

सामन्याच्या बाबतीत तुलनाच नाही. बेसबॉल हा रेडिओचा खेळ आहे. दोन चेंडूंच्या मधली जागा समालोचकाला बोलायला मिळते, आणि चांगला समालोचक त्या जागेत अख्खं मैदान उभं करतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. जो कॅस्टिग्लिओन यांनी १९८३ ते २०२४ असे ४२ हंगाम रेड सॉक्सचं रेडिओ समालोचन केलं. निवृत्तीच्या वर्षीच बेसबॉलच्या हॉल ऑफ फेमचा फोर्ड फ्रिक पुरस्कार त्यांना मिळाला. बेसबॉल मी त्यांच्याकडून शिकलो. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, थकायला लागला की त्याचा चेंडू आधी उंच जायला लागतो, हे मला कुठल्याही पुस्तकाआधी त्यांच्या आवाजातून कळलं. आता विल फ्लेमिंग यांचा आवाज सवयीचा झालाय. अलीकडच्या हंगामांत सोबतीला कधी लू मर्लोनी असतात. ते रेड सॉक्सकडून खेळलेले आणि आपल्या फ्रेमिंगहॅमचेच. शिवाय २०२३ मध्ये पिच क्लॉक, म्हणजे चेंडू टाकायला ठरावीक सेकंदांची मर्यादा, आल्यापासून सामना साधारण तीन तासांवरून दोन तास चाळीस मिनिटांवर आला. पावणेसात-सातला सुरू झालेला सामना मुलं झोपायच्या आत बराचसा ऐकून होतो.

खरी निवड करावी लागते ती सामना नसताना, चर्चेच्या वेळी. तिथे एक गोष्ट आधी डोक्यात पक्की हवी. बेसबॉलमध्ये ‘नेतृत्व’ तीन मजल्यांवर राहतं. तळमजल्यावर मॅनेजर: डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकाठच्या संघाच्या जागेत, उभा राहून पिचर बदलणारा, बॅटिंगचा क्रम ठरवणारा. त्याच्यावर टीम बांधणारा: जनरल मॅनेजर, हल्ली त्याला चीफ बेसबॉल ऑफिसर म्हणतात. आणि सर्वांत वर मालक: २००२ पासून जॉन हेन्री, टॉम वर्नर आणि त्यांची मंडळी, म्हणजे आजचा फेनवे स्पोर्ट्स ग्रुप. फोन करणारे श्रोते आणि कित्येकदा होस्टसुद्धा हे तीन मजले एकमेकांत मिसळून टाकतात, आणि भलत्याच माणसाला शिव्या खाव्या लागतात.

तळमजल्यावरचा राग मी पहिल्याच वर्षी ऐकला. ऑक्टोबर २००३, न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्ध लीगच्या अंतिम फेरीतला सातवा, निर्णायक सामना. आठव्या इनिंगमध्ये पिचर पेड्रो मार्टिनेझ दमलेला सगळ्यांना दिसत होता, तरी मॅनेजर ग्रेडी लिटल यांनी त्याला ठेवला. आघाडी गेली आणि अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनच्या होम रनने सगळं संपलं. दुसऱ्या दिवशी रेडिओवर रडणारी मोठी माणसं मी ऐकली. तो राग रास्त होता, कारण तो निर्णय एकाच माणसाचा होता आणि सर्वांच्या डोळ्यांसमोर झाला होता. लिटल यांचं कंत्राट पुढे वाढवलं नाही, टेरी फ्रँकोना आले.

या मजल्यासाठी ९३.७ चांगलं. तिथे माजी खेळाडू बोलतात, पिचर का बदलला, बंट (चेंडू बॅटने हलकेच जवळ टाकणं) का केला नाही, यावर मुद्द्याला धरून वाद होतो. हंगामात मॅनेजर आणि फ्रंट ऑफिसची, म्हणजे टीम बांधणाऱ्या कचेरीची, माणसंही तिथे मुलाखतींना येतात. मात्र याच जवळिकीमुळे प्रश्नांची धार थोडी बोथट होते, असं माझे कान सांगतात.

दुसऱ्या मजल्याची गोष्ट ३१ जुलै २००४ ची. थिओ एपस्टीन यांना जनरल मॅनेजर केलं तेव्हा ते २८ वर्षांचे होते. त्या दिवशी, वयाच्या तिशीत, त्यांनी शहराचा लाडका शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) नोमार गार्सियापारा ट्रेड केला, म्हणजे अदलाबदलीत दुसऱ्या संघाला देऊन टाकला. रेडिओवर आठवडाभर आग होती. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने टेबलावरचं नोमारचं चित्र काढायला नकार दिला होता. तीन महिन्यांत रेड सॉक्सने यांकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीवरून चार सामने जिंकले आणि १९१८ नंतर, म्हणजे ८६ वर्षांनी, वर्ल्ड सीरिज, म्हणजे अजिंक्यपद, घरी आणली. नोमारच्या जागी आलेल्या ऑर्लँडो कॅब्रेराच्या हातांनी त्यात मोठा वाटा उचलला. तेव्हा रेडिओचा अंदाज साफ चुकला.

आणि फेब्रुवारी २०२०. मूकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना ट्रेड. तोच आवाज, तीच आग, तेच फोन. पण या वेळी रेडिओ बरोबर होता. नोमार ३१ वर्षांचा, टाचेच्या दुखापतीने बेजार, कंत्राट संपत आलेला. बेट्स २७ वर्षांचा, धडधाकट, २०१८ चा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू. कंत्राटाचं शेवटचं वर्ष त्याचंही होतं, पण या मालकांना त्याला पैसे देणं परवडलं असतं. जुलैमध्ये डॉजर्सनी त्याच्याशी १२ वर्षांचा ३६.५ कोटी डॉलर्सचा करार केला. बदल्यात आपल्याकडे आलेल्यांपैकी कॉनर वाँग तेवढा टिकला.

हा ट्रेड तेव्हा टीम बांधणारे हाइम ब्लूम यांच्या नावावर चिकटला. पण तारखा पाहा. २०२० चा पगारखर्च २०.८ कोटी डॉलर्सच्या करमर्यादेखाली (तिच्या वर गेलं की संघाला जादा कर भरावा लागतो) आणायची इच्छा मालकांकडून सप्टेंबर २०१९ मध्येच बोलून दाखवली गेली होती. ब्लूम ऑक्टोबरमध्ये आले. म्हणजे काम आधी ठरलं होतं, माणूस नंतर नेमला. ही तिसऱ्या मजल्याची गोष्ट होती आणि वर्षानुवर्षं दुसऱ्या मजल्यावर आदळत राहिली.

इथे स्पोर्ट्स हबचं ऋण मला मान्य करायलाच हवं. दुपारी दोन ते सहा चालणारा ‘फेल्गर अँड मॅझ’ हा कार्यक्रम ऐकताना मी कैकदा वैतागलोय. मायकल फेल्गर यांना बेसबॉलचा संथपणा सोसत नाही, त्यांचा जीव हॉकीत. टोनी मॅसरॉटी मात्र पूर्वी वर्तमानपत्रांत रेड सॉक्सवर लिहायचे, त्यांना हा खेळ आतून कळतो. या दोघांनी मालकांच्या खिशाचा विषय कधी सोडला नाही. त्याचं मोल का, हे समजायला या गावाची मांडणी बघावी लागते. रेड सॉक्सचे टीव्हीवरचे सामने दाखवणारं नेसन हे चॅनेल बहुतांशी फेनवे स्पोर्ट्स ग्रुपचं. शहरातलं सर्वांत मोठं वर्तमानपत्र बॉस्टन ग्लोब २०१३ पासून जॉन हेन्री यांचं. रेडिओवरचे सामने डब्ल्यूईईआयकडे. ग्लोबच्या बेसबॉल वार्ताहरांनी मालकांवर टीका केलेली आहे, ९३.७ वरही होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. तरीही ज्या स्टेशनला रेड सॉक्सकडून काहीच घ्यायचं नाही, तिथे बोलणाऱ्याच्या आवाजात वेगळा मोकळेपणा असतो.

आता दुसरा मजला, जिथे दोन्ही स्टेशनं कमी पडतात. कारण साधं आहे. रेडिओला आज दुपारी बोलायचं असतं आणि या कामाचं फळ चार-पाच वर्षांनी दिसतं. डेव्ह डॉम्ब्रॉव्स्की ऑगस्ट २०१५ मध्ये आले. त्यांनी पिचर डेव्हिड प्राइसला २१.७ कोटी डॉलर्स दिले, दुसरा पिचर ख्रिस सेलसाठी योआन मोंकाडा आणि मायकल कोपेक हे मोलाचे तरुण देऊन टाकले. २०१६, १७, १८ अशी सलग तीन वर्षं डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. २०१८ मध्ये १०८ विजय आणि वर्ल्ड सीरिज, शेवटचा बळी सेलनेच घेतला. पुढच्या सप्टेंबरात त्यांना काढलं. त्यांच्या आधीचे बेन चेरिंग्टन यांनी २०१३ ची वर्ल्ड सीरिज जिंकून दिली होती. दोन वर्षांत त्यांचीही जागा गेली. ब्लूम यांच्या चार हंगामांत संघ तीनदा तळाला राहिला, एकदा, २०२१ मध्ये, लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांना निरोप मिळाला. पण मार्सेलो मेयरला २०२१ मध्ये आणि रोमन अँथनीला २०२२ मध्ये, तोही ७९ व्या क्रमांकावर, नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये त्यांच्याच काळात निवडलं गेलं. जून २०२५ मध्ये अँथनी फेनवेवर, रेड सॉक्सच्या घरच्या मैदानावर, उतरला तेव्हा मी रेडिओवर ब्लूम यांचं नाव निघायची वाट पाहत होतो. फार कमी वेळा निघालं.

तुम्हाला डॉम्ब्रॉव्स्की आवडावेत की ब्लूम, हा स्वभावाचा प्रश्न आहे. मला विचाराल तर मी डॉम्ब्रॉव्स्कींच्या बाजूचा. चाहत्याचं आयुष्य मोजकं असतं, आणि २०१८ चा संघ मी मुलीला मांडीवर घेऊन ऐकला, ते कुठल्याही प्रॉस्पेक्टच्या, म्हणजे होतकरू खेळाडूंच्या, यादीत मिळत नाही. पण दोघांनाही ज्या कामासाठी आणलं तेच त्यांनी केलं, आणि ते केल्याबद्दलच काढलं. हे मी रेडिओवर सलगपणे मांडलेलं क्वचितच ऐकलंय.

ब्लूम यांच्या जागी आलेले क्रेग ब्रेस्लो यांच्याबाबत हीच कसोटी आता चालू आहे. येलचे पदवीधर, २०१३ च्या विजेत्या संघातले डावखुरे पिचर. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी पिचर गॅरेट क्रोशेला आणलं आणि २०२५ मध्ये तो लीगमधल्या सर्वोत्तम पिचर्समध्ये गणला गेला. १५ जून २०२५ ला, यांकीजना सलग तीन सामन्यांत हरवलं त्याच संध्याकाळी, संघातला आघाडीचा फलंदाज राफेल डेव्हर्सला सॅन फ्रान्सिस्कोला धाडलं. त्याचं संघाशी भांडण फर्स्ट बेसवर खेळण्यावरून होतं, ते मिटवायला हेन्री स्वतः विमानाने कॅन्सस सिटीला गेले होते. त्यानंतर रेड सॉक्स ८९ विजयांसह, २०२१ नंतर प्रथमच, पोस्टसीझनला, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना, पोहोचले आणि यांकीजकडून तीन सामन्यांत हरले. हा ट्रेड नोमारच्या वर्गातला की मूकीच्या, हे मी आज सांगणार नाही. दोन्ही स्टेशनांनी पहिल्या तासाभरात सांगून टाकलं होतं.

एक गोष्ट आपल्यासारख्यांसाठी मुद्दाम. दोन्ही स्टेशनांवर वंशावरून आणि उच्चारांवरून अपमान करणारं बोललं गेलंय. फेब्रुवारी २०१८ मध्ये एका होस्टने आशियाई वंशाच्या एजंटची नक्कल केल्यानंतर डब्ल्यूईईआयने एक दिवस थेट कार्यक्रम थांबवून कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घेतलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पोर्ट्स हबने मॅसरॉटी यांना कृष्णवर्णीय माणसांबद्दलच्या वक्तव्यासाठी आठवडाभर निलंबित केलं. मुलं गाडीत असताना मी चर्चेचे कार्यक्रम कुठलेच लावत नाही, फक्त सामना लावतो. उलट बाजूही सांगायला हवी: दर वर्षी जिमी फंड या कॅन्सरसाठीच्या निधीकरता डब्ल्यूईईआय आणि नेसन मिळून जी देणगी मोहीम करतात, त्यात कॅन्सरमधून उठलेली मुलं आणि त्यांचे आईबाप तासन्‌तास बोलतात. ते दोन दिवस ९३.७ सोडून कुठेही जाऊ नका.

दुसऱ्या मजल्यासाठी माझा उपाय रेडिओबाहेरचा आहे. वूस्टरला पोलर पार्कवर जा. रेड सॉक्सची ट्रिपल-ए, म्हणजे मुख्य संघाच्या लगेच खालची, टीम २०२१ पासून तिथे खेळते, श्रूजबरीहून ती अगदी जवळ आहे, आणि तिकीट फेनवेच्या मानाने परवडणारं. अँथनी आणि मेयर फेनवेवर यायच्या आधी आम्ही तिथेच पाहिले, पुढच्या रांगेतून. पाच सामने स्वतः पाहिलेत की फ्रंट ऑफिस बरं काम करतंय की नाही याबद्दल तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

आणि सुरुवात कधी करायची म्हणाल, तर एप्रिलचा तिसरा सोमवार, पेट्रियट्स डे ही राज्याची सुट्टी. त्या दिवशी फेनवेवर सामना सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि बॉस्टन मॅरेथॉन अ‍ॅशलंड, फ्रेमिंगहॅम करत रूट १३५ वरून धावत असते. घरून खुर्ची, थर्मासमध्ये चहा आणि बॅटरीवरचा छोटा रेडिओ घेऊन रस्त्याच्या कडेला बसा. ९३.७ लावा. शेजारी बसलेला अनोळखी माणूस तिसऱ्या इनिंगपर्यंत स्कोअर विचारतोच.