गाडी तापते: रेडिएटर साफ करावा, कोर बदलावा की नवाच टाकावा?

खंबाटकीच्या चढावर माझ्या पंचवीस वर्षं जुन्या छोट्या गाडीचा काटा लाल पट्ट्याला टेकला. कडेला थांबून बॉनेट उघडलं, तर दहा मिनिटांत तीन सल्ले हजर. टेम्पोवाला म्हणाला, "थर्मोस्टॅट काढून फेका, कटकटच नको." (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप.) रसवंतीवाल्यानं हळद टाकायला सांगितली, म्हणजे रेडिएटरची गळती बुजते. फोनवर भावजींनी त्यांचा ठरलेला सल्ला दिला: "विकून टाक ती." पहिले दोन उपाय मी केले. दोन्ही अंगलट आले. त्यानंतर रेडिएटरच्या दुकानाचे जे खेटे घातले, त्यातून कळलेलं इथे लिहितोय.

खर्चाचं ठरवण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गाडी नक्की कधी तापते? सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर बहुधा दोष पंख्याचा. फ्यूज, रिले, थर्मो स्विच किंवा मोटर, चारांपैकी काहीतरी. पंख्याला बॅटरीवरून थेट वायर देऊन बघा. फिरला तर मोटर शाबूत आहे आणि काम थोडक्यात भागेल. उलट गावात ठीक चालते, पण चढावर किंवा सलग ऐंशी-नव्वदच्या वेगात तापते, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये किंवा रेडिएटर उष्णता सोडत नाहीये. रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे रबरी पाइप, एकदा दाबून बघा. तो पंपाच्या ओढीनं आत चेपला जाऊ नये म्हणून बऱ्याच गाड्यांत आत स्प्रिंग असते. ती गंजून गेली की वेगात होज चपटा होतो आणि थांबल्यावर पुन्हा जसाच्या तसा दिसतो. रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत साचलेला चिखल आणि किडेही इथलेच गुन्हेगार. पाण्याची धार इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा, तीही हलक्या दाबानं, नाहीतर पत्र्याच्या बारीक पात्या आडव्या होतात.

सकाळी गार गाडी चालू केली आणि पाच मिनिटांत रेडिएटरच्या जादा पाण्याच्या बाटलीत बुडबुडे, पाणी उगाचच कमी, ऑइल दुधाळ: हे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्या मधली पट्टी, गेल्याचं लक्षण. मग रेडिएटर कितीही बदला, फरक पडणार नाही. आधी प्रेशर टेस्ट करून घ्या.

आता दोष रेडिएटरचाच निघाला असं धरून चालू.

जुन्या गाड्यांत पितळी टाक्या आणि तांब्या-पितळेची जाळी (हाच कोर), सगळं झाळलेलं. नंतरच्या गाड्यांत ॲल्युमिनियमची जाळी आणि तिला दोन्ही टोकांना चिमटून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या टाक्या. तुमच्याकडे यातलं काय आहे, यावर अर्धा निर्णय होऊन जातो. पितळी रेडिएटर रॉडिंगला देता येतो: टाकी झाळ सोडवून उघडायची, एकेका चपट्या नळीतून पातळ पट्टी घालून क्षार खरवडायचा, टाकी पुन्हा झाळायची. माझा उघडला तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी गीझरच्या कॉइलवर असतो तसा पांढरा थर होता आणि त्यावर पिवळट चिखल. रसवंतीवाल्याची हळद. गळती तिनं दोन दिवस थांबवली होती खरी, सोबत नळ्याही थांबवल्या. कारागिरानं न बोलता पट्टीवर आलेला गोळा मला दाखवला.

रॉडिंग सगळ्यांत स्वस्त, आणि जाळी धड असेल तर पैसे वसूल. जाळी धड आहे का, हे नखानं कळतं. पात्या हिरवट पडून भुगा होऊन हातात येत असतील, तर नळ्या आतून आरशासारख्या केल्या तरी उपयोग नाही, कारण नळीतली उष्णता हवेत नेणारी पातीच उरलेली नाही. माझ्या गाडीचं हेच झालं होतं. मी नखानं बघितलंच नव्हतं, म्हणून रॉडिंगचे पैसे फुकट गेले.

ॲल्युमिनियमवाल्याला रॉडिंग जवळपास नाहीच. फार तर रसायनानं फ्लश. इथे एक सावधगिरी: पितळी रेडिएटर साफ करायला काही दुकानांत कॉस्टिक सोड्याचं पिंप असतं. ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्यात बुडवू देऊ नका, कॉस्टिक तो खातो.

दुसरा मार्ग रिकोअर, म्हणजे टाक्या तुमच्याच, जाळी नवी. तांबं उष्णता ॲल्युमिनियमच्या जवळजवळ पावणेदोन पट चांगली वाहून नेतं, म्हणून जुने मिस्त्री तांब्याशिवाय बोलतच नाहीत. त्यांचं म्हणणं खरं आहे, पण अर्धंच. ॲल्युमिनियममध्ये नळ्या रुंद ठेवता येतात, मधे झाळ नसते, त्यामुळे चांगल्या बनावटीचा ॲल्युमिनियम रेडिएटर काम तेवढंच करतो आणि वजनाला हलका. तांब्याचा खरा फायदा वेगळा आहे: गळला तर कुठल्याही तालुक्याच्या गावी डाग देऊन मिळतो. प्लॅस्टिकची टाकी होजच्या तोंडाशी तडकली, की इपॉक्सी फासून घरी पोहोचता आलं तरी नशीब. वर्षानुवर्षं तापून ते प्लॅस्टिक पापडासारखं ठिसूळ झालेलं असतं. रिकोअर करताना मूळ जाळी किती लाइनची होती, म्हणजे नळ्यांच्या एकामागे एक किती रांगा होत्या, हे स्वतः मोजून ठेवा. तीन लाइनच्या जागी दोन लाइनची बसली तर बाहेरून पटकन लक्षात येत नाही, पुढच्या घाटात येतं.

तिसरा मार्ग नवा रेडिएटर. मारुती 800 चं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तरी तिचे सुटे भाग अजून मिळतात. अशा खपाच्या गाड्यांना ॲल्युमिनियमचा नवा रेडिएटर बऱ्याचदा तांब्याच्या रिकोअरपेक्षा स्वस्त पडतो आणि तासा-दोन तासांत बसतो. माझ्या मते गाडी रोजच्या वापराची असेल आणि भाग सहज मिळत असेल, तर नवाच टाका, रिकोअरच्या नादी लागू नका. प्रीमियर पद्मिनी किंवा काँटेसा जपून ठेवली असेल, तर मात्र उलट. तिथे मूळ टाक्या सांभाळून रिकोअरच, कारण बाजारातला दुसऱ्या मापाचा रेडिएटर बसवायला ब्रॅकेट कापाकापी सुरू होते आणि ती संपत नाही.

मी नवा टाकला. तरीही गाडी नीट वागेना, कारण थर्मोस्टॅट टेम्पोवाल्याच्या सल्ल्यानं आधीच गेलेला होता. आपल्याकडे "उकाडा आहे, काय करायचाय तो" म्हणून तो सर्रास काढतात. त्यानं इंजिन हवं तेवढं तापतच नाही, पेट्रोल जास्त जळतं, इंजिनची झीज वाढते. काही इंजिनांत तर तो नसला की पाणी रेडिएटरला वळसा घालून बायपासनंच, म्हणजे आडवाटेच्या नळीनं, इंजिनातच फिरत राहतं आणि चढावर गाडी आणखी तापते. काढणं आणि बदलणं यात मी तुलना करणारच नाही, बदलाच. जुना बिघडलाय की नाही, हे घरीच कळतं. दोऱ्याला बांधून पाण्याच्या पातेल्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, थर्मामीटर सोडा. माझ्या नव्याच्या कडेवर 82 कोरलेलं होतं. साधारण तिथेच तबकडी हलली आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडली. जुना उकळत्या पाण्यातही ढिम्म.

रेडिएटरच्या झाकणाकडे कुणी बघत नाही. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो बारमधला दाब. 0.9 च्या दाबाखाली साधं पाणी सुमारे 118 अंशांना उकळतं. स्प्रिंग ढिली किंवा रबर कडक झालं की हा फायदा गेला, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. सगळ्यांत स्वस्त भाग हाच, शंका आली तर आधी बदला. गरम असताना उघडू मात्र नका. विजेचा पंखा असेल तर किल्ली काढल्यावरही तो अचानक फिरू शकतो, बोटं लांब ठेवा.

पाणी की कूलंट? गंमत अशी, की उष्णता वाहायला निव्वळ पाणी निम्म्या-निम्म्या कूलंटपेक्षा सरस. कूलंट घालायचं ते गंज आणि क्षार रोखायला आणि उकळबिंदू चढवायला. बोअरचं पाणी ओतत राहिलात तर वर सांगितलेला गीझरचा थर ठरलेला. गळती चालू असताना महागडं कूलंट ओतू नका, तोवर डिस्टिल्ड वॉटरवर भागवा. गळती मिटली की तयार मिश्रण भरा. रंगावरून प्रकार ओळखू नका, कंपनीगणिक रंग बदलतो. दोन प्रकार मिसळण्यापेक्षा आधीचं सगळं काढून धुऊन घ्या. भरताना गाडीचं तोंड चढाकडे, हीटर पूर्ण गरमवर, झाकण उघडं, आणि इंजिन गारच असताना सुरू करून बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं ओतत राहा. आत हवा अडकली तर नवा रेडिएटरही तापतो आणि तुम्ही पुन्हा दुकानात.

काढलेलं जुनं कूलंट गच्चीत किंवा अंगणात बादलीत ठेवू नका. ते गोड लागतं आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटतात. कॅनमध्ये भरून झाकण लावा आणि गॅरेजवाल्याकडे द्या.