कार्डिअ‍ॅक रिहॅबच्या सिस्टर: जे डिस्चार्जला कोणी बोललं नाही ते यांनी विचारलं

रिव्ह्यू फक्त रिहॅबमधल्या (म्हणजे हृदयाच्या आजारानंतर व्यायाम करून घेतात आणि सल्ला देतात तो विभाग) सिस्टरांच्या समुपदेशनाचा आहे, हॉस्पिटलच्या बाकी कारभारावर लिहायला बसले तर रात्र पुरायची नाही. मी पन्नाशीतली बाई, अटॅक येऊन गेलाय, स्टेंट टाकलाय, आणि विषय शरीरसंबंधांचा आहे. ज्यांना अवघडल्यासारखं होतंय त्यांनी खुशाल पुढे जा.

डिस्चार्जच्या वेळी मीठ कमी, जड उचलू नका, रक्त पातळ करायच्या गोळ्या चुकवू नका, गाडी कधी चालवायची, कामावर कधी जायचं, सगळं सांगितलं. नवरा-बायको म्हणून घरी गेल्यावर काय, यावर चकार शब्द नाही. मिस्टरांनी धीर करून राऊंडला डॉक्टरांना आडून आडून विचारलं तर "सध्या आराम करू दे त्यांना" म्हणाले आणि गेले पुढच्या बेडकडे. आता सध्या म्हणजे कधीपर्यंत? हे डोक्यात घेऊन आम्ही घरी आलो आणि मिस्टर सरळ हॉलमध्ये झोपायला लागले, मला वाटलं आता आपण यांना फक्त पेशंट उरलो, आणि त्यांना वाटत होतं हात लावला आणि हिला काही झालं तर. दोघंही गप्प.

रिहॅबला नाव घातलं ते व्यायामासाठी. ट्रेडमिल, सायकल, मध्येमध्ये बीपी बघणं, ते चांगलंच आहे. पण तिथे सिस्टर प्रत्येकाला एकदा बाजूला बसवून बोलतात, आधी जोडीने आणि मग एकेकट्याला, आणि त्यांनी झोप, भूक, मूड विचारता विचारता अगदी त्याच आवाजात विचारलं, "अटॅकनंतर जवळ यायची भीती बऱ्याच जणांना वाटते, तुमच्याकडे कसं आहे?" बास. "बऱ्याच जणांना" या दोन शब्दांनी अर्धी लाज तिथेच गळाली. नंतर कळलं की याची रीतसर पद्धत आहे, प्लिसिट म्हणतात, जॅक अ‍ॅनन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये मांडलेली, त्यात पहिली पायरीच ही की पेशंटला या विषयावर बोलायची मुभा द्यायची, मग थोडी माहिती, मग त्याच्यापुरता सल्ला, आणि त्यानेही भागलं नाही तरच तज्ज्ञाकडे पाठवायचं. म्हणजे सिस्टरांना सगळं यायलाच हवं असं नाही, विषय काढता यायला हवा.

मला सगळ्यात आवडलं ते हे. त्यांनी नुसतं "घाबरू नका" म्हटलं नाही, माझाच ट्रेडमिलचा चार्ट काढला, एका ओळीवर पेन ठेवलं आणि म्हणाल्या, संबंधांना साधारण ३ ते ५ मेट (शरीराला किती श्रम पडतात त्याचं माप) एवढी ताकद लागते, म्हणजे भरभर चालणं किंवा दोन जिने चढणं, आणि ताई तुम्ही इथे एवढं करून वर गप्पा मारत होतात, छातीत दुखलं का, दम लागला का? मिस्टरांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला. सगळ्या हार्ट अटॅकमध्ये संबंधांमुळे आलेले एक टक्क्याहूनही कमी असतात हेही तिथेच कळलं.

कधीपासून, याचंही सरळ उत्तर मिळालं. अटॅकमध्ये गुंतागुंत झाली नसेल आणि हलक्या ते मध्यम हालचालीला त्रास होत नसेल तर एका आठवड्यानंतरही हरकत नसते (अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१२ च्या निवेदनात हेच आहे), बायपासवाल्यांनी मात्र ६ ते ८ आठवडे थांबायचं कारण छातीचं हाड जुळावं लागतं, आणि बसल्या जागी छातीत दुखत असेल किंवा हार्ट फेल्युअर आटोक्यात नसेल तर आधी उपचार, बाकी सगळं नंतर. भरपेट जेवून किंवा दारू पिऊन नको. मध्येच दुखलं, फार धडधडलं, तर थांबायचं, आणि दुखणं राहिलंच तर अंगावर काढायचं नाही.

गोळ्यांचं तर प्रत्येक पुरुषाने ऐकावं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी आणि सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा म्हणतात ती) ताठरतेसाठीची गोळी एकत्र म्हणजे बीपी एकदम धोकादायक खाली, सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल असेल तर ४८ तास नायट्रेट चालत नाही. लोक या गोळ्या मित्राकडून घेतात, बायकोलाही सांगत नाहीत आणि मग इमर्जन्सीमध्येही गप्प बसतात. तिथे तरी लाजू नका हो.

मी एकटी असताना त्यांनी कोरडेपणाबद्दल विचारलं, इच्छा होते का, उदास वाटतं का, रडू येतं का, आणि यातलं काही गोळ्यांमुळे असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतील पण स्वतःच्या मनाने एकही बंद करायची नाही हे ठासून सांगितलं. आजवर एवढे डॉक्टर झाले, हे मला कोणी विचारलं नव्हतं. आणि मी एकटी नाही, व्हर्गो नावाचा मोठा अभ्यास झाला, १८ ते ५५ वयाचे अटॅकचे पेशंट, त्यात पहिल्या महिन्यात डॉक्टरांशी यावर बोलणं झालेल्या बायका फक्त १२ टक्के आणि पुरुष १९ टक्के, आणि ज्यांना सल्ला मिळाला त्यातल्याही बऱ्याच जणांवर गाइडलाइनमध्ये नसलेली बंधनं घातलेली. बायकांना असलं काही पडलेलं नसतं असं धरून चालतात बहुतेक. इथल्या ग्रुप लेक्चरमध्येही तेच, सगळं पुरुषांच्या ताठरतेवर, आम्ही बायका मागे बसून भिंतीवरचे पोस्टर वाचतोय.

आता तक्रारी. एवढं नाजूक बोलणं चालतं पडद्याच्या आड, पलीकडे ट्रेडमिल, आणि मशीन थांबलं की आपला आवाज सगळीकडे. दार असलेली एक खोली द्या ना. दुसरं, हे सगळं एकाच सिस्टरांच्या जिवावर आहे, त्या रजेवर असताना दुसऱ्या होत्या त्यांनी एका पेशंटला "तुमचं लग्न नाही ना झालेलं, मग हा भाग सोडते" असं म्हणून पान उलटलं, मी तिथेच होते. त्या पोरीला दोष देत नाही, तिला कोणी शिकवलंच नसेल, स्वतःच लाजत होती बिचारी. पण सगळ्या स्टाफला ट्रेनिंग द्यायला काय हरकत आहे? आणि हे बोलणं डिस्चार्जच्या आधी वॉर्डातच व्हायला हवं, जे रिहॅबला येतच नाहीत त्यांनी कुठे जायचं?

पाचपैकी चार स्टार, एक पडद्याचा कापला. वेळ घेताना काउंटरवर कारण सांगायची गरज नाही, "रिहॅबच्या सिस्टरांशी खाजगीत बोलायचंय" एवढं पुरतं, आणि शक्यतो बॅच सुरू व्हायच्या आधीची वेळ मागा, तेव्हा हॉल रिकामा असतो.