लोक-1 की फुले समाधान? तांबेऱ्याच्या हिशेबाने गव्हाचा वाण

लोक-1 चा दाणा टपोरा, पोळी चांगली, बाजारात नाव पक्के, म्हणून तो सोडवत नाही. पण पानावरचा नारिंगी आणि खोडावरचा काळा, हे दोन्ही तांबेरे (बुरशीमुळे होणारे रोग) त्याच्यावर येतात, आणि महाराष्ट्रात काळजी याच दोघांची. पिवळा तांबेरा थंडी मागतो. तो पंजाब-हरियाणाकडचा त्रास. वाण निवडताना त्याच्या प्रतिकारकतेला जादा पैसे मोजू नका.

नारिंगी तांबेऱ्याचे बारीक गोल फोड पानावर विखुरलेले असतात. बोट फिरवले की तांबूस पूड लागते. दाणा भरतो तो मुख्यतः ओंबीजवळच्या शेवटच्या पानाच्या जोरावर. पीक पोटरीत, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याच्या बेतात असताना ते पान माखले की दाणा चिमतो, वजन घटते. काळा तांबेरा त्याहून वाईट. लांबट फोड खोडाची साल फाडतात, अन्नपाण्याची वाट तुटते, पीक लोळते.

निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचा फुले समाधान (एनआयएडब्ल्यू 1994) दोन्ही तांबेऱ्यांना प्रतिकारक आहे. वेळेवर पेरल्यास हेक्टरी सुमारे 46 क्विंटल, उशिरा पेरल्यास 44. साधारणपणे 15 नोव्हेंबरनंतर दर पंधरवड्याच्या उशिराला हेक्टरी अडीच क्विंटल जातात, हे लक्षात घेता सोयाबीन किंवा कांदा निघायला वेळ लागणाऱ्या रानात आमची पसंती याच वाणाला. उशिरा पेरताना बियाणे मात्र हेक्टरी 100 ऐवजी 125 किलो घ्या. फुटवे कमी येतात.

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरणी आणि पाणी पुरेसे असेल, तर पुण्याच्या आघारकर संस्थेचा एमएसीएस 6222 हाही चांगला पर्याय. एकाच पाण्याची सोय असेल तर नेत्रावती.

प्रतिकारक वाणावरही तांबेरा दिसला, तर आधी बियाणे तपासा. घरचे बियाणे वर्षानुवर्षे वापरले की त्यात लोक-1 ची भेसळ होते आणि तीच झाडे आधी माखतात. शिवाय बुरशीचे नवे प्रकार तयार होत राहतात, त्यामुळे जुन्या वाणाची ताकद कधी ना कधी तुटते. युरिया जास्त झाला की पीक दाट, लुसलुशीत होते. आत ओल टिकते आणि रोग फोफावतो.

लोक-1 च पेरायचा असेल तर फवारणीचा खर्च आधीच धरा. पहिले फोड दिसताच प्रोपिकोनॅझोल 25 ईसी हे बुरशीनाशक, लिटरला 1 मिली, म्हणजे एकरी 200 लिटर पाण्यात 200 मिली. गरज पडल्यास 15 दिवसांनी पुन्हा. दाणे हुरड्यात आल्यावर मारलेले औषध वाया जाते.