बीबीसीचा जुना दिवस, इंदूरच्या घरात

पाचपैकी साडेतीन तारे. एक तारा रात्रीच्या विद्वानांनी घालवला, अर्धा खरखरीने.

ऐकलं काय, ते आधी सांगतो. नातवाने बीबीसी रेडिओच्या 1950च्या आसपासच्या कार्यक्रमांची मिळतील ती ध्वनिमुद्रणं जमवली आणि जे ज्या वेळेला लागायचं ते त्या वेळेला लावून सकाळ ते मध्यरात्र असा दिवस जुळवून दिला. एकाच तारखेचं सगळं मिळत नाही. तेव्हा बरंचसं थेट जायचं आणि जपून कोणी ठेवत नसे. तेव्हा तीन वाहिन्या होत्या. बातम्या-भाषणांची होम सर्व्हिस 1939ची, करमणुकीचा लाइट प्रोग्रॅम 1945चा आणि विद्वानांसाठी थर्ड प्रोग्रॅम 1946चा. जाहिरात कुठेच नाही. त्याबदली घरटी वर्षाला एक पौंड रेडिओच्या परवान्याचा. आपल्याकडेही परवान्याचे पैसे पोस्टात भरावे लागत, रामबागेतल्या जुन्या लोकांना आठवत असेल.

मी इंदूरच्या एका कापड गिरणीत विणाई खात्यात मास्टर होतो, म्हणून मला सगळ्यांत उत्सुकता होती ती ‘म्यूझिक व्हाइल यू वर्क’ची. जून 1940 मध्ये, ऐन युद्धात, कारखान्यांतल्या हातांचा वेग टिकावा म्हणून हा सुरू केला. सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास, युद्धात पुढे रात्रपाळीसाठीही. वाद्यवृंद न थांबता वाजवतो, निवेदक जवळजवळ तोंड उघडत नाही. नियम मात्र कडक. फार संथ चाल नको, कारण हात मंदावतात. आवाज मध्येच हळू, मध्येच मोठा नको, कारण हळू झाला की यंत्रांच्या गोंगाटात बुडतो. ज्याने हा नियम केला तो नक्की कधीतरी मशीनशेजारी उभा राहिला असणार. टाळ्यांचा ठेका असलेलं एक अमेरिकन गाणं त्यांनी बंद केलं, कारण कामगार टाळ्यांच्या जागी हातातले पाने (स्पॅनर) यंत्रावर बडवायचे. हे वाचून मी मोठ्याने हसलो. आमच्या खात्यातही हेच झालं असतं, फक्त पान्याच्या जागी धोटा असता! खरं सांगायचं तर साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात कर्णा लावूनही काही ऐकू आलं असतं असं मला वाटत नाही. आमच्याकडे भोंगा तेवढा ऐकू यायचा. पण घरी ऐकताना अर्ध्या तासात माझे दोन सदरे इस्त्री होऊन गेले, म्हणजे औषध अजून लागू पडतं.

‘वर्कर्स प्लेटाइम’ त्याच्या जोडीचा, 1941चा. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या कॅन्टीनमधून थेट. युद्धात कारखान्याचं नाव सांगायचं नाही, शत्रूला पत्ता लागेल म्हणून. विनोद आता शिळे वाटतात, पण मागे बश्या-चमच्यांचा आवाज आणि बायांचं खिदळणं आहे, ते अस्सल. निर्मात्याचं नाव बिल गेट्स. तो नव्हे.

दुपारी सौ. येऊन बसली. पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पंधरा मिनिटं. ‘नीट बसलात ना? मग सुरू करते’ अशा अर्थाची सुरुवात, तिला फार आवडली. मग ‘वुमन्स अवर’. 1946 साली तो सुरू झाला तेव्हा सूत्रसंचालक पुरुष होता, ॲलन आयव्हिमी, हे मी तिला सांगितलं. “बायकांच्या तासाला बुवा?” म्हणाली आणि चहा टाकायला उठली. ‘मिसेस डेल्स डायरी’ तिने ऐकली ती भाजी निवडता निवडता. डॉक्टरांच्या बायकोची रोजनिशी, नवऱ्याची काळजी, शेजाऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या. मी दहा मिनिटांत उठलो, ती बसली.

संध्याकाळचा ‘आर्चर्स’ मात्र दोघांनी ऐकला. 1951च्या पहिल्या तारखेपासून देशभर, रोज पंधरा मिनिटं, ॲम्ब्रिज नावाच्या काल्पनिक खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची गोष्ट. ब्रिटनमध्ये 1954 पर्यंत रेशन होतं, शेतातून जास्त पिकवायचं होतं. म्हणून सरकारी शेतीखात्याच्या सल्ल्याने गोष्टीच्या ओघात खत-बियाण्याच्या चार गोष्टी सांगायच्या. आम्हा इंदूरकरांना यात नवल कसलं? आकाशवाणीच्या मालवा हाऊसमधून शेतीच्या कार्यक्रमातले नंदाजी-भेराजी माळवीत हेच करत होते, आणि माझ्या मते जास्त रंगवून. आर्चर्सचे लोक फार शिस्तीत बोलतात. पण 22 सप्टेंबर 1955 रोजी, नवं खासगी टीव्ही चॅनल सुरू होणार त्याच संध्याकाळी, यांनी घरातली तरुण सून ग्रेस आगीत मारून टाकली. धंदा कळत होता लेकाच्यांना.

क्रिकेटचा तुकडा अगदी छोटा आहे, जॉन अरलॉटचा जाड, संथ आवाज. क्रिकेटचं समालोचन तो करू लागला तो भारताच्या 1946च्या दौऱ्यात. त्याच दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध आमच्या होळकर संघाच्या चंदू सरवटे यांनी शुटे बॅनर्जींबरोबर शेवटच्या जोडीसाठी 249 धावा काढल्या, दोघांचीही शतकं. नातवाला तेवढं ध्वनिमुद्रण शोध म्हटलं आहे.

रात्रीचा राजा ‘गून शो’. तीन वेडे आणि आवाजांचा गोंधळ: स्फोट, पळापळ, कोंबड्या, काहीही. यातलं बहुतेक लिहिणारा स्पाइक मिलिगन 1918 साली आपल्या अहमदनगरचा जन्म, लहानपण पुण्यात. त्या गावाला आता आमच्या अहिल्यामातेचं नाव आहे, म्हणजे इंदुराशीही नातं लागलंच. निम्मी चेष्टा मला कळली नाही, तरी हसलो.

थर्ड प्रोग्रॅमबद्दल थोडक्यात. चांगला असेल. मला झोप आली.

ऐकणाऱ्यांना सूचना: एका दिवसात सगळं ऐकू नका, कान दुखतात. दुपारचा भाग कामं उरकताना, आर्चर्स जेवणाआधी, गून शो हेडफोन लावून. बायको-मुलं झोपली असतील तर हसू आवरा.