हाताने ढकलायचा लॉन मोअर: चौदा महिने वापरल्यावर

मागच्या वर्षी अक्षय्य तृतीयेला हा मोअर घरी आला. मोटार नाही, वायर नाही, पेट्रोल नाही. पुढे ढकलला की चाकांबरोबर पाच पात्यांचा रूळ फिरतो आणि खालच्या स्थिर पात्यावर गवत कात्रीत सापडल्यासारखं कापलं जातं. आमचं नाशिकचं अंगण साधारण सहाशे चौरस फूट, सगळी हरळी, म्हणजे दूर्वांचं गवत. आधी महिन्यातून एकदा एक काका ब्रश कटर घेऊन यायचे. त्याची नायलॉनची दोरी गवत झोडपून तोडते, टोकं फाटतात आणि दोन दिवसांत सगळ्या अंगणावर पांढुरकी झाक येते. या मोअरने कापलेली टोकं सरळ आणि हिरवी राहतात. एवढ्यासाठीसुद्धा मी तो पुन्हा घेईन.

पण घ्यायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. तुम्हाला सवड मिळेल तेव्हा तो गवत कापत नाही. गवताच्या वेळेला तुम्हाला हजर राहावं लागतं. मागच्या जुलैत आम्ही लग्नासाठी दहा दिवस बाहेरगावी होतो. परत आलो तर हरळी घोट्याच्या वर गेलेली. मोअर फिरवला तर गवत कापलं न जाता आडवं झालं आणि मागून पुन्हा उभं राहिलं. शेवटी विळा घेऊन बसावं लागलं. तेव्हापासून पावसाळ्यात दर चार-पाच दिवसांनी, उघडीप मिळाली की दुपारी चारच्या सुमारास, गवताची पाती कोरडी झाल्यावरच कापते. ओलं गवत रुळात गच्च बसतं. उंचीची खाच सर्वांत वरची ठेवते आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त कापत नाही. थोडंथोडं कापलेलं तिथेच पडू दिलं तरी चालतं, आठवड्यात जिरून जातं.

लव्हाळा या तणावर मात्र मोअरचा काही इलाज नाही. वरून कापला की तिसऱ्या दिवशी तो हरळीच्या वर डोकं काढतो, कारण जीव खालच्या गाठीत असतो. श्रावणात माती मऊ असते, तेव्हा खुरपं खोल घालून काढायचा. एक गाठ हाताला लागली की दोऱ्यासारख्या मुळावर तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी. घाईने ओढलं तर दोरा तुटतो आणि मागे राहिलेली गाठ फुटते. मी गेल्या पावसाळ्यात रोज सकाळी अर्धा तास हेच केलं. यंदा लव्हाळा आहे, पण कुंपणाच्या एका कोपऱ्यापुरताच.

तुळशी वृंदावनाजवळची हातभर पट्टी मी श्रावणापासून कापत नाही. सासूबाई गणपतीत तिथल्याच दूर्वा खुडतात, तीन पानांचे कोवळे कोंब, एकवीसची जुडी. त्यांच्यासाठी अंगणात तणनाशक आणायचंच नाही असं घरात ठरलेलं आहे, आणि मला ते मनापासून पटतं.

धार पाहायची पद्धत सोपी आहे. वर्तमानपत्राची पट्टी पात्यांमध्ये धरून रूळ हाताने फिरवायचा, बोटं सांभाळून. कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. ऑक्टोबरमध्ये तो दुमडायला लागला. गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून ग्राइंडिंग पेस्ट आणली, पात्यांना लावून रूळ उलटा फिरवला, पुसून तेल दिलं. तासाभराचं काम.

डिसेंबर-जानेवारीत मोअर टांगूनच ठेवला. नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला की हरळी तपकिरी पडते. ती मेलेली नसते, झोपलेली असते. पूर्वी आम्ही घाबरून युरिया आणि पाणी मारत बसायचो. आता दहा दिवसांनी एकदा पाणी, बस.

फेब्रुवारीच्या शेवटी चाळलेलं शेणखत आणि वाळू मिसळून बोटाच्या पेरापेक्षाही कमी जाडीचा थर दिला आणि खळगे भरून घेतले. या मोअरला सपाट जमीन लागते; उंचवट्यावर तो गवत मुळाशी खरवडतो, खळग्यात तसंच सोडून जातो. मार्चमध्ये फरक लगेच दिसला.

उन्हाळ्यात पाण्याचा हिशेब करा. आठवड्याला 25 मिलिमीटर द्यायचं म्हटलं तर चौरस मीटरला 25 लिटर, म्हणजे आमच्या 56 चौरस मीटरला 1,400 लिटर. बोअर आटत आलेलं असताना ते शक्य नव्हतं. निम्मं दिलं, पण रोज शिंपडण्याऐवजी आठवड्यातून एकदा पहाटे खोलवर मुरेल असं. गवत उंच ठेवलं. रंग उतरला, पण पहिल्या वळवानंतर आठवड्यात हिरवं झालं.

तक्रार एकच, पण मोठी. पात्यांच्या मागे जमिनीवर टेकून फिरणारा जो दुसरा रूळ असतो, त्याच्या टोकाची प्लास्टिकची टोपी ऐन ऑगस्टमध्ये फुटली. कंपनीकडून सुटा भाग यायला पाच आठवडे लागले, आणि आलेली टोपीही प्लास्टिकचीच. शेवटी लेथवाल्याकडून पितळेची करून घेतली, ती अजून टिकून आहे. घेताना हा भाग हाताने दाबून बघा.

अंगण हजार चौरस फुटांच्या आत असेल, हरळी किंवा तसंच बारीक पानाचं गवत असेल आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा अर्धा तास निघत असेल, तर जरूर घ्या. मोठी जागा असेल किंवा घर महिना-महिना बंद राहत असेल, तर घेऊ नका.