मी काटा बघितला, पण चुकीचा

उसाच्या घरात वाढलेल्या कोल्हापूरकराला काटा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. कारखान्यात एका खेपेला वजन कमी भरलं की माझे वडील आठवडाभर जेवताना तोच विषय काढायचे. कपिलतीर्थ मार्केटात वांगी घेतानाही माझी नजर पारड्यावर असते. असा मी, गेल्या एप्रिलात 6,400 रुपयांना गंडलो.

राजारामपुरीत माझी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत बसतात. 32 खुर्च्या, दीड टनाचे दोन स्प्लिट एसी. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही एसी नुसती हवा मारायला लागले. "काका, दुपारी डोकं चालत नाही," म्हणून पोरांची तक्रार. मी घाईत मोबाईलवर कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर' टाकलं, वर आलेला पहिला नंबर लावला. कंपनीचा खरा नंबर इनडोअर युनिटच्या बाजूला स्टिकरवर छापलेला होता, हे मला जूनमध्ये दिसलं. तीन वर्षं रोज त्याच्याखाली बसतोय मी.

तासाभरात दोन पोरं आली. कंपनीच्या रंगाचे टी-शर्ट, गळ्यात कार्ड. गच्चीवर गेलो. एकानं आउटडोअरच्या जाड पाइपला गेज, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर लावलं, दुसरा पलीकडं बसून पान्यानं काहीतरी करत होता. "बघा साहेब, काटा." सुई माझ्यासमोर खाली खाली येत शून्याला टेकली. "गॅस संपलाय. दोन्हीत तेच असणार."

मग त्यांनी छोटा सिलिंडर जोडला, दोन मिनिटं फुस्स असा आवाज आला, सुई वर चढली. 3,200 प्रमाणे दोन एसींचे 6,400. पैसे एकाच्या वैयक्तिक मोबाईल नंबरवर. "बिल व्हॉट्सअपवर टाकतो." ते आजतागायत आलेलं नाही. जाताजाता त्यांनी फिल्टर धुतले, कॉईलवर पाणी मारलं. थंडावा आला, मी खूश. चहा पाजला त्यांना, वर.

तीन आठवड्यांत परत तेच. फोन केला तर म्हणे लीकेज आहे, कूलिंग कॉईल बदलायची, 14 हजार. तिथं मात्र माझ्यातला उसवाला जागा झाला.

शेजारच्या प्रेसवाल्यानं उद्यमनगरातले एक मिस्त्री आणले. साठीचे, कमी बोलणारे. त्यांनी आधी आउटडोअरची जाळी बोटानं खरवडली. गळीत हंगामात गच्चीवर येऊन पडणारी काजळी आणि धूळ यांचा थर बसला होता, उजेड आरपार दिसेना. "मालक, ह्यानं श्वास कुठनं घ्यायचा?" दोन्ही मशीन पाण्यानं धुतली, गेज लावलं, प्रेशर बरोबर. गॅस जागेवर. ना तेव्हा संपला होता, ना आता.

"पण सुई शून्याला आली होती, माझ्या डोळ्यांदेखत!"

मिस्त्री हसले. बारीक पाइपच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून त्यात ॲलन-की, म्हणजे षटकोनी पाना घातला आणि चालू मशीनवर हळूहळू फिरवला. सुई खाली. बारीक पाइपनं आत जाणारा गॅस अडवला, कॉम्प्रेसर मात्र जाड पाइपमधला ओढून आउटडोअरमध्ये कोंबत राहिला, म्हणून जाड पाइपचं प्रेशर पडलं. एसी काढून दुसरीकडं न्यायचा असला की हेच करतात, त्याला पंप डाऊन म्हणतात. परत उलटा फिरवला, सुई वर. दुसरा पोरगा पलीकडं बसून हेच करत होता, आणि सिलिंडरमध्ये काय होतं देव जाणे.

एसीतला गॅस गाडीतल्या पेट्रोलसारखा जळत नाही. बंद पाइपमध्ये तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि ती जागा न शोधता 'दरवर्षी थोडा भरावा लागतो' म्हणणारा माणूस तुम्हाला फसवतोय. साबणाचा फेस सांध्यावर लावला की बुडबुडे दिसतात. माझ्या आउटडोअरच्या प्लेटवर गॅसचं नाव आणि वजन, 'आर-32, 880 ग्रॅम', असं स्पष्ट छापलंय. म्हणजे गॅस ही वजनानं द्यायची वस्तू आहे, आणि मी वजन मागितलंच नाही. गेजची सुई बघत बसलो.

दुपारी पोरं पेंगायची ती वेगळ्याच कारणानं, हेही मिस्त्रींनीच सांगितलं. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आत घेत नाही. 32 जण दारं-खिडक्या लावून बसल्यावर दुसरं काय होणार? एक एक्झॉस्ट फॅन बसवला, दाराखाली फट ठेवली.

पैशाचं म्हणाल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तिथल्या बाई सौजन्यानं बोलल्या, पण बिल नाही, पत्ता नाही, नंबर बंद. तक्रार कुणाविरुद्ध करायची? जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, तरी समोर कुणीतरी उभं करावं लागतं. बिल असतं तर गोष्ट वेगळी होती.

गेल्या दिवाळीनंतर एका एसीचा खरोखरच फ्लेअर नट, म्हणजे पाइपच्या सांध्यावरचा नट, गळायला लागला. मिस्त्रींनी फेस लावून बुडबुडा दाखवला, उरलेला गॅस दुसऱ्या सिलिंडरमध्ये काढून घेतला, पाइपचं पसरट तोंड, म्हणजे फ्लेअर, नवीन केलं, अर्धा तास व्हॅक्यूम पंप लावला. मग मी काही बोलायच्या आत पिशवीतून डिजिटल काटा काढून सिलिंडर त्यावर ठेवला. आधी 9 किलो 420. भरून झाल्यावर 8 किलो 540. मी मोबाईलवर वजाबाकी केली, मिस्त्रींनी माझ्याकडं बघून मान हलवली.